पोरांना झाडांकडे वळवायचंय? मग ५ जूनची वाट बघू नका

दरवर्षी तेच होतं बघा. मे संपत आला की कुणाला तरी आठवतं अरे पर्यावरण दिन येतोय, मग एकदम धावपळ, रोपं आणा, बॅनर छापा, शाळेतली चाळीस पोरं टेम्पोत भरून कुठल्यातरी टेकडीवर न्या, एका रोपाला आठ जणांचे हात लावून फोटो काढा, वडापाव वाटा आणि घरी. मी स्वतः हे केलंय म्हणून बोलतोय. पहिल्या वर्षी आम्ही पाथर्डी फाट्याच्या पुढे एका मोकळ्या जागेत दीडशे रोपं लावली, होळीच्या सुमारास जाऊन बघितलं तर अकरा उभी होती, आणि त्यातली दोन तर आमची नव्हतीच, आपोआप उगवलेली सुबाभूळ होती. पण मला खरं लागलं ते वेगळंच. आलेल्या पोरांपैकी एकालाही सांगता येईना की आपण नेमकं कुठलं झाड लावलं होतं, करंज की कडुनिंब की आणखी काय.

तेव्हापासून पद्धत बदलली. खाली लिहितोय ती नाशिकच्या हिशोबाने आहे, नवीन माणसासाठी आहे, म्हणजे सोसायटीतले काका, शाळेतल्या बाई, कॉलेजातला रासेयोवाला (राष्ट्रीय सेवा योजनेतला) पोरगा, कुणीही सुरुवात करू शकेल. पैसे फार लागत नाहीत, वेळ लागतो.

पायरी १ : पाच-सात पोरं घ्या आणि नुसतं फिरा

शंभर नको. पाच-सात बास. आणि सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, जूनमध्ये नाही, कारण पानगळीत आणि फुलोऱ्यात झाड ओळखायला सोपं जातं. पळस, पांगारा, काटेसावर ह्या दिवसात अंगावर पान नसताना लालभडक होतात, आंधळ्यालाही दिसतील. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होतो आणि ताम्हण जांभळं. ताम्हण आपल्या राज्याचं फूल आहे हे निम्म्या मोठ्या माणसांनाही माहीत नसतं, पोरांना तर नाहीच.

पहिला फेरफटका पंचवटीतून तपोवनाकडे करा असं मी सांगेन. पंचवटी हे नावच पाच वडांवरून पडलंय, पोरं लहानपणापासून तिथे जातात पण कधी मान वर करून वड बघितलेला नसतो. गेल्यावर भाषण देऊ नका. एकच काम द्या, प्रत्येकाने एक झाड निवडायचं. आवडेल ते, वाकडं का असेना. मग त्याचा घेर मोजायचा, जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, वनखात्यातही इथेच मोजतात. टेलरची टेप चालते, वड असेल तर सुतळी गुंडाळून नंतर सुतळी मोजा. घेर, तारीख, जागा, दोन फोटो, हे एका वहीत किंवा शीटमध्ये. झालं. ही वही पुढे कामाला येते, कशी ते शेवटी सांगतो.

मग दर आठवड्याला त्याच झाडाकडे जायचं, दोन मिनिटं. पालवी आली का, कळ्या, फुलं, फळं. सीझनवॉच नावाचा एक उपक्रम आहे, त्यात अशाच साप्ताहिक नोंदी टाकता येतात, देशभरातल्या शाळा त्यात आहेत, आणि ऋतू बदलले की झाडं फुलायच्या वेळा बदलतात का हे बघायला त्या नोंदी वापरतात. क्लायमेट चेंज हा शब्द न उच्चारता पोरगं त्यात शिरतं. अनोळखी झाड असेल तर आयनॅचरलिस्टवर फोटो टाका, पण ॲपने सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य समजू नका, ते कधीकधी शिवणीच्या झाडाला काहीही म्हणतं. जवळपासच्या एखाद्या आजोबांना विचारा, जास्त भरवशाचं.

पायरी २ : लावायच्या आधी असलेली झाडं सोडवा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे आणि पोरांचीही, कारण हातात अवजार येतं आणि निकाल लगेच दिसतो.

शहरातल्या कुठल्याही रस्त्यावर जा, झाडाला क्लासच्या जाहिरातीचे पत्रे ठोकलेले, केबलच्या वायरी गुंडाळलेल्या, लाइटिंगच्या माळा, आणि कधी काळी लावलेली लोखंडी जाळी खोडात रुतलेली. आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला साधं पत्र द्या, की आम्ही अमुक रस्त्यावर अमुक तारखेला खिळे काढणार आहोत, आणि पोच घ्या. पत्राशिवायही कोणी अडवत नाही बहुतेक वेळा, पण जाहिरातवाला येऊन भांडायला लागला की ती पोच दाखवायला बरी पडते. नाशिकमध्ये पालिकेचे सहा विभाग आहेत, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड, तुमचा रस्ता कुठल्या विभागात येतो ते आधी बघून ठेवा नाहीतर दोन चकरा फुकट.

सामान : जंबूर, नखीचा हातोडा, जाड हातमोजे, खिळे टाकायला डबा. खिळा सरळ ओढायचा, हलवून हलवून भोक मोठं करायचं नाही. हातोडा टेकवताना खाली लाकडाची चीप ठेवा म्हणजे साल चेमटत नाही. खिळ्याच्या भोकात माती, मेण, रंग काही भरू नका, झाड आपलं आपण ते बंद करतं. जो खिळा पूर्ण आत गेलाय आणि वरून साल आली आहे तो राहू द्या, उकरून काढण्यात जास्त नुकसान आहे. शिडी नको, जमिनीवरून हात पोहोचेल तेवढंच. आणि वीजेच्या तारेला लागलेलं काहीही पोरांना हात लावू देऊ नका, हा नियम मोडणारा घरी, मग तो कितीही चांगला कार्यकर्ता असो. डबा भरला की मोजायला लावा, तो आकडा पोरं महिनाभर सगळ्यांना सांगत फिरतात.

दुसरं म्हणजे बुंध्याला चिकटवलेलं काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक. हे आपण फोडायचं नाही, मुळं तुटतात आणि वर भांडण होतं ते वेगळं. फोटो, जागा, अर्ज. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा असं सांगितलं होतं, तो दाखला अर्जात द्यायला चांगला आहे. काँक्रीट आलं की पाणी आत जात नाही आणि हवाही जात नाही, मुळांना श्वास घ्यायला हवा लागते हे पोरांना ऐकून खरंच नवल वाटतं.

काही रस्त्यांवर झाड अगदी कडेला किंवा मधेच उभं असतं आणि रात्री गाडीवाल्याला दिसत नाही, मग अपघात झाला की लोक झाडाच्या जिवावर उठतात. अशा झाडांना रिफ्लेक्टरचा पट्टा बांधा. बांधा म्हणजे बांधा, ठोकू नका, आणि दरवर्षी सैल करा.

वटपौर्णिमेचं पण एक काम काढा. बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात, त्याऐवजी आपल्या गल्लीतला किंवा मळ्यातला जिवंत वड कुठे आहे याचा नकाशा पोरांनी करून आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा. दुसऱ्या दिवशी जाऊन झाडाखालचं प्लास्टिक आणि नायलॉनचे दोरे गोळा करायचे, सुती दोरा कुजून जातो, नायलॉन खोडाला काचतं. आमच्या इथल्या एका आजी आधी चिडल्या होत्या पोरांवर, पुढच्या वर्षी त्यांनीच नकाशा मागितला.

पायरी ३ : पोरांना हमाल समजू नका

इथे बहुतेक ग्रुप फसतात. मोठे ठरवणार, पोरं पाणी वाहणार, साहेब येऊन फोटो काढणार. दोन महिन्यात पोरं गायब, आणि मग आपण म्हणतो आजकालच्या मुलांना मोबाइलशिवाय काही नको. अहो त्यांना ठरवू द्या ना. कुठला रस्ता घ्यायचा, कोणतं झाड लावायचं, रविवारी की शनिवारी, चूक झाली तर झाली. एखाद्याला माती उपसायला नाही आवडत, त्याला शीट सांभाळू द्या. एखादी रील चांगली बनवते, तिला तेच काम. एक जण आमच्यात फक्त सायकल पंक्चर काढायचा, तोही लागतोच.

शाळेतली मुलं असतील तर राष्ट्रीय हरित सेनेच्या शिक्षकांना गाठा, बऱ्याच शाळांत हा इको क्लब कागदावर असतोच, त्याला फक्त कुणीतरी हलवायला लागतं. पालकांची लेखी संमती घ्या, एक मोठं माणूस कायम सोबत. कॉलेजची मुलं असतील तर रासेयो सोपा मार्ग, त्यांना वर्षाला १२० तास काम दाखवायचं असतं, मग ते तास एका दिवसाच्या वृक्षारोपणात आणि भाषणात घालवण्यापेक्षा आठवड्याला दोन तास तुमच्याकडे दिले तर दोघांचं भागतं. वर्षाचं वेळापत्रक करताना बोर्डाच्या आणि सेमिस्टरच्या परीक्षा आधी लिहून घ्या, त्या काळात काम बिगर विद्यार्थ्यांनी उचलायचं. आणि हो, काम झाल्यावर मिसळ पाहिजेच, नाशिकमध्ये राहून मिसळीशिवाय रविवारी सकाळी कोण उठणार.

पायरी ४ : हवामानाचं बोला, पण आपल्या गावातलं

ध्रुवीय अस्वलाचा फोटो दाखवून सिडकोतल्या पोराला काही वाटत नाही. त्याला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर घेऊन जा, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसमोर उभं करा. पुराचं पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं यावर अख्खं नाशिक पुराचं माप काढतं, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. मग विचारा, डोंगरावर झाडझाडोरा नसेल, शहरात सगळीकडे काँक्रीट असेल, तर तोच पाऊस इथे किती लवकर येऊन पोहोचेल. निफाड-दिंडोरीकडे कुणाचे नातेवाईक असतील तर गारपिटीने आणि अवकाळीने द्राक्षबागेचं काय होतं ते त्यांच्याच तोंडून ऐकवा.

मग एक हिशोब फळ्यावर करा, मी नेहमी करतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. सुक्या लाकडाच्या वजनातला साधारण अर्धा भाग कार्बन असतो, म्हणजे एक किलो सुकं लाकूड तयार होताना झाडाने हवेतून सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो. म्हणजे एक लिटर पेट्रोलचा हिशोब फेडायला साधारण सव्वा किलो सुकं लाकूड तयार व्हायला हवं. आता बाइकवर नाशिक ते त्र्यंबक जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, म्हणजे एक-सव्वा लिटर. तुमचं गेल्या वर्षी लावलेलं कंबरेएवढं रोप सुकवून काट्यावर ठेवलं तर किती भरेल? पोरं गप्प होतात. इथून पुढे गप्पा आपोआप बस, सायकल, घरातला एसी इकडे जातात, आणि जुना मोठा वड वाचवणं म्हणजे काय हेही कळतं, कारण त्याच्या लाकडात टनावारी साठवलेलं आहे. झाड लावलं की आपलं पाप फिटलं, हा समज मोडायला ह्यापेक्षा चांगलं काही मला तरी सापडलेलं नाही.

पायरी ५ : आता लावा, पण उन्हाळा मोजून

नियम एकच, मे महिन्यात जेवढ्या झाडांना पाणी घालू शकता तेवढीच जूनमध्ये लावायची. हिशोब असा. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर धरा. पन्नास रोपं म्हणजे आठवड्याला हजार लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे पाच ड्रम. हे पाणी कुठून येणार, कोण वाहणार, हे ठरलं नसेल तर पन्नास नका, पंधरा लावा.

खड्डे एप्रिल-मेमध्येच घ्या, दोन फूट बाय दोन फूट बाय दोन फूट, आणि उन्हात तापू द्या. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. वाळवी जास्त असेल तर पेंड थोडी वाढवा. एकदोन चांगले पाऊस होऊन जमीन खोल ओली झाली की लावा, मुहूर्त बघून नाही. पिशवी पूर्ण काढायची, हे सांगायला लागतं, खरंच, मी पिशवीसकट लावलेली झाडं बघितली आहेत. काठी रोवून सैल बांधा. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, पण खोडाला चिकटवून नाही, चार बोटं सोडून.

रोपं सामाजिक वनीकरण किंवा वनखात्याच्या रोपवाटिकेतून मिळतात, पण पोरांना स्वतः रोपं करायला लावा. दुधाच्या पिशव्या धुवून, खाली भोकं पाडून. लिंबोळ्या आणि जांभळाच्या बिया ताज्याच पेराव्या लागतात, डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पेराल तर उगवणार नाहीत. बहाव्याचं बी टणक, गरम पाण्यात भिजवून घ्या. सीड बॉल (बिया घातलेले मातीचे गोळे) फेकायचा कार्यक्रम मजेचा असतो, मात्र त्यातून झाडं होतात ह्यावर माझा विश्वास नाही.

काय कुठे? नदी-नाल्याच्या काठाला करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ, वाळुंज, ह्यांना पुराचं पाणी सोसतं. कोरड्या मुरमाड टेकडीवर खैर, पळस, बेल, धावडा, सालई. रस्त्याच्या कडेला कडुनिंब, करंज, ताम्हण. वीजेच्या तारेखाली आपटा किंवा पारिजातक, नाहीतर दरवर्षी तोडायला माणसं येणारच. वड-पिंपळ भिंतीपासून आणि पाइपलाइनपासून लांब, त्यांना जागा द्यायची ऐपत असेल तरच लावा. गुलमोहर मादागास्करचा, दिसतो छान पण वादळात फांद्या पटकन मोडतात. मिश्र देशी झाडांचं काम कसं दिसतं ते बघायचं असेल तर सातपूरजवळ फाशीच्या डोंगरावरची नाशिक देवराई बघून या, २०१५ पासून ती उभी राहतेय.

आणि कुठे लावायचं नाही हे तेवढंच महत्त्वाचं. अंजनेरीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावर, झाडं लावायची हौस नको. तिथलं गवत आणि खडक उघडेबोडके वाटतात पण अंजनेरीच्याच नावाचं कंदीलपुष्प तिथे वाढतं, त्याला सावली नको असते. तसंच येवल्याकडचं ममदापूर, काळविटांचं गवताळ राखीव क्षेत्र, तिथे जंगल केलं तर काळवीट जाणार कुठे. मोकळी दिसणारी प्रत्येक जमीन रिकामी नसते. म्हसरूळच्या पलीकडे बोरगड आहे, २००८ मध्ये संवर्धन राखीव झालेला, तिथे पोरांना नेऊन दाखवा की नुसतं राखलं तरी जंगल किती परत येतं.

पायरी ६ : जानेवारी ते जून

खरं काम इथे आहे आणि इथे कोणी फोटो काढायला येत नाही. प्रत्येक झाडाला नंबर आणि प्रत्येक नंबरला एक नाव, पोराचं. ज्याचं झाड त्याची पाळी. झाडाशेजारी जुना माठ पुरा, बुडाला बारीक भोक, त्यात सुताची वात, माठ भरला की दोनतीन दिवस ओल टिकते. पाणी संध्याकाळी.

मे महिन्यात पोरं मामाच्या गावाला जातात, सगळी एकदम. म्हणून एप्रिलमध्येच बदली माणूस लिहून घ्यायचा, ड्रमच्या नळाची चावी कोणाकडे तेही. आमच्याकडे ह्या काळात सकाळी फिरायला जाणारे ज्येष्ठ नागरिक कामाला येतात, एकेक बाटली घेऊन निघतात, कुरकुर करतात पण घालतात.

टेकडीवर काम असेल तर वणव्याचं बघा. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की झाडांभोवतीचं कापून घ्या आणि वनखात्याच्या माणसांना विचारून जाळरेषेच्या (वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) कामाला हात लावा. वणवा दिसला तर पोरांनी विझवायला धावायचं नाही, आधी वनखात्याला आणि अग्निशमनला फोन, फोन नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आधीच सेव्ह पाहिजेत.

पायरी ७ : झाडावर नोटीस लागली तर

एक दिवस पोरगं फोटो पाठवतं, दादा माझ्या झाडावर कागद चिकटवलाय. घाबरू नका, आरडाओरडाही नको. पालिका हद्दीत झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे, त्यात वृक्ष प्राधिकरण, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणारी पालिकेची समिती, असतं, झाड तोडायचं तर वर्तमानपत्रात जाहिरात आणि झाडावर नोटीस लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची हेही त्याच कायद्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची अट आली.

नोटीस वाचा, हरकतीची शेवटची तारीख त्यातच असते आणि दिवस थोडे असतात, त्याच दिवशी कामाला लागा. हरकत लेखी, मुद्देसूद, एक पान. इथे पायरी एकची वही बाहेर काढायची. घेर, तारखेसकट फोटो, कुठले पक्षी घरटी करतात, किती लोक सावलीला बसतात. झाडं वाचवा असं नुसतं लिहिलेल्या शंभर अर्जांपेक्षा असा एक अर्ज भारी पडतो. पर्यायही सुचवा, रस्ता दोन मीटर सरकवता येईल का, एवढी फांदी छाटून भागेल का. पोचवर आवक क्रमांक घ्या. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर सही पालकांनी करावी. २०२५ च्या शेवटी तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा शहरातली कितीतरी तरुण पोरं रस्त्यावर उतरली, त्यातल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा हरकत हा प्रकार ऐकला. तो आधीच माहीत असलेला बरा.

आणि झाड खरंच वाळलेलं, पोकळ, पडायला झालेलं असेल तर तोडू द्या. मात्र आधी घरटी बघा, पिल्लं असतील तर थोडे दिवस थांबता येईल का विचारा.

मेलेल्या रोपाचं काय करायचं हे सगळे विचारतात. शीटमधून त्याची ओळ पुसायची नाही. तारीख लिहा, कारण लिहा, बकरी, वाळवी, पाणी नाही, गाडी गेली, जे असेल ते, ज्याचं झाड त्यानेच लिहायचं. एप्रिलमध्ये तोच खड्डा परत उकरायला त्यालाच बोलवा, कुदळ आपण आणायची.